जुन्या हबचे पार्ट शोधून देणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

फोनवर थँक यू म्हटलं होतं पण तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, आणि तुम्ही जे शिकवलंत ते जुन्या सायकली सांभाळणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय.

आत्याची सायकल, मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू मॉडेलचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मधला भाग, गिअर त्याच्या आतच असतात), शेलवर म्हणजे बाहेरच्या कवचावर 64 कोरलेलं म्हणजे 1964 चा. उजव्या कोनला (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा भाग) खड्डे पडलेले, पॉलच्या (एकाच दिशेने पकडणाऱ्या आतल्या छोट्या खिट्ट्या) स्प्रिंगा गेलेल्या, आणि पुढच्या हबचे दोन्ही कोन घासलेले. जिथे विचारलं तिथे एकच उत्तर, एवढं जुनं आता मिळत नाही, चाकच बदलून टाका. मला ते चाक बदलायचंच नव्हतं. तुम्हीच पहिले ज्यांनी तसं म्हटलं नाही, उलट म्हणालात, हबच्या नावाने शोधू नकोस, मापाने शोध, आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लाव आणि मला आकडे सांग.

आणि मग मापं घेता घेता तुम्ही जे समजावलंत ना, ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. पुढचा एक्सल, म्हणजे हबमधून जाणारा आट्यांचा दांडा, 5/16 इंच, म्हणजे 7.94 मिमी, आणि इंचाला 26 आटे. बाजारात सहज मिळतो तो 8 मिमीचा, आट्यातलं अंतर 1 मिमी. दोन्ही हातात धरले तर फरक दिसतच नाही, नट दोन-तीन फेरे छान फिरतोसुद्धा आणि मग जड होतो, आणि तिथे माणूस पाना लावून जोर करतो की संपलं, जुने आटे कायमचे जातात. कारण 26 आट्यांच्या हिशोबात एका आट्याचं अंतर 0.977 मिमी येतं, फरक अगदी थोडा पण प्रत्येक आट्याला तो वाढत जातो. मागचा एक्सल तर 13/32 इंच, म्हणजे 10.3 मिमी, त्यामुळे 10 मिमीचे कोन तिथे चढणारच नव्हते. हे आधी कळलं म्हणून मी चुकीचे पार्ट मागवले नाहीत आणि तो एक्सल आजही शाबूत आहे.

एडब्ल्यू 1936 पासून बनतोय आणि आतली रचना इतकी वर्षं बऱ्यापैकी तशीच राहिली, त्यामुळे 64 च्याच हबचा पार्ट शोधायची गरज नाही, हे तुम्ही सांगितल्यावर किती धीर आला! आणि नुसतं सांगून थांबला नाहीत, शेल फुटलेला एक हब तुमच्याकडे पडून होता तो उघडून त्यातला चांगला कोन आणि पॉल काढून पाठवलेत, वर स्प्रिंगा दोन जास्तीच्या, कारण त्या बसवताना उडतात. कोनवर छर्रे फिरतात त्या वाटेवर बॉलपेनचं टोक फिरवून बघायचं, कुठे अडकलं तर तो कोन बाद, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि पाठवायच्या आधी स्वतः तसं तपासून घेतलंत.

हब उघडताना फोनवर थांबलात त्याचे आभार वेगळे. बॉल रिंग (हबच्या उजव्या बाजूला शेलमध्ये आट्यांवर बसणारी रिंग) काढायच्या आधी ती शेलवर कुठे बसलीय त्याची खूण करून घे, असं तुम्ही दोनदा बजावलंत. तिच्या आट्यांना दोन सुरुवाती असतात, दुसऱ्या सुरुवातीने बसली तर चाकाचा बॅलन्स हलतो. माझी खूण जुळली आणि आऱ्यांना हातही लावावा लागला नाही. उजवा कोन हाताने घट्ट करून अर्धा फेरा मागे, तिथेच लॉक, आणि बाकीची सगळी ढिलाई डाव्या बाजूने काढायची, हे मी वहीत लिहून ठेवलंय. आणि पॉलना ग्रीस अजिबात नाही, पातळ तेलच, नाहीतर ते चिकटतात आणि उघडत नाहीत.

पुढच्या हबचे कोन तुमच्या ओळखीतून मिळाले. छर्रे मी सगळेच नवीन टाकले, 3/16 चे, एका बाजूला 10, जुने-नवे मिसळले नाहीत.

आता तिन्ही गिअर पडतात, पॅडल थांबवलं की टिक टिक स्वच्छ येते, चाक हातात धरून हलवलं तर खेळ नाही. आत्या रोज चालवतेय.

काका, तुम्ही कशाचेच पैसे घेतले नाहीत, माझ्यासारख्या अनोळखी मुलीला इतका वेळ दिलात. जास्तीच्या दोन्ही स्प्रिंगा आणि उरलेले छर्रे डबीत घालून तुमच्याकडे परत पाठवतेय, पुढे कोणी विचारत आलं तर त्यांना द्या. आणि एखादा एडब्ल्यू उघडायला दोन हात हवे असतील तर मला नक्की बोलवा, मी येईन.

तुमचे खूप खूप आभार.