शब्दांसाठीही माइक तपासा

महोदय,

बरीच वर्षं बाहेर कविता सादर केल्यावर मी आता पुन्हा माझ्याच गावातल्या वादकांबरोबर उभी राहते आहे. याचा मनापासून आनंद आहे. आयोजकांकडे मात्र एक मागणं आहे: गायकासाठी लावलेला माइक तसाच बोलणाऱ्याच्या हाती देऊ नका.

गाण्यात सूर लांबतो, त्याला घुमारा शोभतो. बोललेल्या कवितेची सगळी मदार व्यंजनांवर असते. त्यांची स्पष्टता बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि गिटार, झांजा तिथेच गर्दी करतात. ‘त’ आणि ‘स’ बुडाले की ओळच गेली. माइक ओठांना चिकटवला तर खर्ज फुगतो. चार बोटं अंतर ठेवलं आणि घुमारा काढला की बराच फरक पडतो.

परवा ड्रम वाजवणाऱ्या मित्राने माझ्या ओळीच्या शेवटी नुसत्या काठ्या थांबवल्या आणि शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला. (तालमीत असं काहीच ठरलं नव्हतं. तो ऐकत होता, एवढंच.)

कार्यक्रमाआधी दहा मिनिटं बोलणाऱ्यांसाठी वेगळी ठेवा. नवी मुलं वह्या घेऊन येऊ लागली आहेत, त्यांची पहिलीच ओळ गोंगाटात जाऊ नये.

– एक कवयित्री