‘टेक’ नेमके कशाला म्हणायचे?

फंड व्यवस्थापकांनी तंत्रज्ञान शेअरमधील गुंतवणूक कमी केली, अशी बातमी आली की आधी वर्गवारी तपासावी. शेअर बाजारातील कंपन्या कोणत्या क्षेत्रात मोजायच्या, ही जागतिक क्षेत्ररचना सप्टेंबर २०१८मध्ये बदलली आणि अल्फाबेट (गूगलची पालक कंपनी) व फेसबुक (आताची मेटा) ‘दळणवळण सेवा’ (कम्युनिकेशन सर्व्हिसेस) या खान्यात गेल्या. अ‍ॅमेझॉन तर आधीपासूनच ग्राहक-खर्चाच्या गटात. म्हणजे हे तिन्ही शेअर गच्च भरलेला फंडही कागदोपत्री टेकपासून चार हात लांब! बँक ऑफ अमेरिकेच्या फंड व्यवस्थापकांच्या मासिक सर्वेक्षणात हेच व्यवस्थापक बड्या टेक शेअरमध्ये गुंतवणूकदारांची सर्वाधिक गर्दी असल्याचे अनेकदा सांगतात, आणि त्याच गर्दीत उभे राहतात. कारण परताव्यात एकटेच बाजार निर्देशांकाच्या मागे पडले तर जाब विचारला जातो. सगळ्यांबरोबर बुडाले तर कोण विचारतो? अर्थपानावर सर्वेक्षणाच्या आकड्यांशेजारी फंडांच्या पहिल्या दहा शेअरची यादीही छापावी.

– एक वाचक