पाटील मंडळी, तुमचं मूळ आडनाव काय? शोधाला मदत हवी आहे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या पेपरचे वाचक गावोगावी आहेत आणि त्यात पाटील आडनावाचे तर भरपूर असणार, म्हणून हे पत्र लिहितेय. जमलं तर पूर्ण छापा कारण अर्धं छापलं तर लोकांना कळणार नाही मी नक्की काय मागतेय.

मी माहेरची पाटील. गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. आता पाटील म्हटलं की लोकांना वाटतं गावची पाटीलकी आमच्याकडे असेल, पण तसं अजिबात नाही. आमच्या गावची पाटीलकी दुसऱ्याच घराण्यात होती, जुन्या कागदात त्यांचंच नाव आहे. आमचं घर बाहेरून आलेलं. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की आपण माणदेशातले, मोठ्या दुष्काळात जित्राबं घेऊन खाली नदीकाठाला आलो. तो दुष्काळ 1876 ते 78 चा असावा असं मला वाटतं कारण त्यात सातारा, सोलापूर भागाची फार वाताहत झाली आणि खूप घरं कायमची उठली. म्हणजे पाटीलकी असलीच तर ती मागे सोडलेल्या गावाची, आणि ते गाव कुठलं हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. गावाचं नाव गेलं, मूळ आडनाव गेलं, फक्त पाटील हे नाव बरोबर आलं.

बऱ्याच तरुण मुलांना माहीत नसतं म्हणून सांगते. पाटील हे मुळात आडनाव नाही, तो हुद्दा. गावचा वसूल, गावचा न्यायनिवाडा, गावचा मान हे सगळं ज्याच्याकडे वंशपरंपरेनं तो पाटील, आणि त्या प्रत्येक पाटलाला त्याचं स्वतःचं आडनाव होतंच. कण्हेरखेडचे पाटील शिंदे होते. क्रांतिसिंह नाना पाटील आमच्याच तालुक्यातले, येडे मच्छिंद्रचे, त्यांचं मूळ आडनाव पिसाळ. तीच गोष्ट देशमुखांची, डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे कदम आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे सिद्धये. एवढ्या मोठ्या माणसांची मूळ आडनावं पुस्तकात नोंदली गेली म्हणून आपल्याला कळतात, साध्या घरांची कोण नोंदणार?

आणि पाटील एका जातीचे नाहीत हे पण लक्षात घ्या. मराठा, कुणबी, लेवा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत, धनगर, मुसलमान, सगळ्यांत पाटील आहेत. त्यामुळे नुसतं पाटील म्हणून शोधायला गेलं की हाताला काहीच लागत नाही. ज्यांचं आडनाव दुर्मिळ त्यांचं बरं असतं, दोनचार गावांत सगळी भावकी सापडते, कुलवृत्तांत निघतात, संमेलनं होतात. पाटलांचा कुलवृत्तांत कोण काढणार आणि कुणाकुणाचा काढणार. मला हे मनापासून लागतं. संख्येनं इतके असून आपल्या घराची चार पिढ्यांपलीकडची माहिती आपल्याला नसावी हे बरोबर नाही.

आडनाव पुसलं कसं गेलं त्याचा मी बराच विचार केलाय. माझ्या मते शाळेत गेलं. मोडीतल्या जुन्या कागदात माणसाचं नाव पूर्ण असतं, अमुक बिन तमुक, मग आडनाव, मग पाटील, मग मौजे कुठले ते. बिन म्हणजे मुलगा. पण पोरगं शाळेत घातलं की मास्तर विचारणार कुणाचा रे तू, पोरगं सांगणार पाटलाचा, की रजिस्टरला पाटील. तेच पुढं दाखल्यावर, तेच मतदार यादीत, तेच सातबाऱ्यावर. दोन पिढ्यांत मधलं आडनाव गळालं. नंतर 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटीलकीच संपली, वतनं त्याच्या आगेमागे खालसा झाली, आता पोलीस पाटील सरकार नेमतं, त्याला घराण्याशी संबंध नाही. हुद्दा गेला आणि आडनाव म्हणून तेवढा राहिला.

आता मला काय काय माहिती आहे ते सांगते म्हणजे कुणाला जुळतंय का बघता येईल. कुलदैवत जोतिबा, पण घरातले म्हातारे म्हसवडच्या सिद्धनाथाला पण न चुकता जायचे. देवक पंचपल्लव, ते तर कितीतरी घराण्यांचं असतं त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्यात मान्यांशी सोयरीक करत नाहीत. माझी आत्ती सांगायची, माने नकोत, भाऊ लागतात. आता म्हसवडच्या मान्यांची देशमुखी इतिहासात प्रसिद्ध आहे आणि सिद्धनाथ पण म्हसवडचाच, त्यामुळे घरातली पोरं लगेच म्हणायला लागली की आपण मानेच. मला ते घाईचं वाटतं. सोयरीक न होण्याला इतर पण कारणं असतात, कधी एका गावची पाटीलकी दोन घराण्यांत वाटलेली असते म्हणून एकमेकांना भाऊ मानतात, कधी जुनं भांडण असतं आणि पुढच्या पिढीला कारण माहीत नसतं. कागद मिळाल्याशिवाय मी कुठलंही मोठं नाव आमच्या घराला चिकटवणार नाही.

म्हणून वाचकांना विनंती, खास करून माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातल्या. तुमच्या गावात असं सांगतात का, की पाटलांची एक तक्षीम, म्हणजे वाटणीतली एक शाखा, दुष्काळात खाली नदीकाठाला गेली आणि परत आली नाही? गावात एखादा वाडा, एखादं पडकं जोतं, एखादं शेत अजून त्या गेलेल्या पाटलांच्या नावानं ओळखलं जातं का? यात्रेत एखाद्या घराचा मान रिकामा ठेवतात का? अशा गोष्टी कागदात नसतात, गावातल्या माणसालाच माहीत असतात आणि तो माणूस पेपर वाचतो.

दुसरी विनंती हेळव्यांबद्दल. आमच्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात हेळवी यायचे, बैल घेऊन, दारात उभं राहून घराची वंशावळ घडाघडा म्हणायचे, कोण कुठनं आलं, किती भाऊ, कुणाची कुठं शेती. त्यांच्याकडं पिढ्यांच्या वह्या असतात. आमच्याकडं येणारे हेळवी येईनासे झाले आणि घरातल्या कुणी त्यांचं गाव विचारून ठेवलं नाही. वाळवा, पलूस, तासगाव या पट्ट्यात माणदेशातनं आलेल्या घरांची वंशावळ सांगणारे हेळवी तुमच्या दारी अजून येत असतील तर कृपा करून कळवा. ते आले की धान्य देऊन वाटेला लावू नका, बसवून घ्या, सगळं म्हणायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, हे मी माझ्यासाठीच नाही तुमच्यासाठी पण सांगतेय.

तिसरी विनंती ज्यांना मोडी वाचता येते त्यांना. आमच्याकडं एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा आहे, थोडे कागद कसरीनं खाल्लेत पण बरेच शाबूत आहेत, त्यावर एका ठिकाणी नांगराचं चित्र काढलंय. मला नंतर वाचनात आलं की पाटील सही ऐवजी नांगराची निशाणी करायचे, तेव्हापासून मला राहवेना झालंय. तो कागद महजर, म्हणजे गावच्या सभेच्या निवाड्याचा कागद असेल का? महजरात गावच्या सगळ्यांच्या निशाण्या असतात आणि पाटलाचं पूर्ण नाव असतं, म्हणजे कदाचित आमचं उत्तर आमच्याच घरात पडून आहे. वाचून द्यायला कुणी तयार असेल तर मी कागद घेऊन येईन, मानधन देईन, फक्त कागद माझ्यासमोर वाचावेत आणि माझ्याकडंच परत राहावेत एवढीच अट.

तीर्थाच्या ठिकाणी पण विचारून बघितलं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला उपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या, नावं असतात हे खरंय आणि ज्यांना गाव आणि आडनाव माहीत आहे त्यांना भराभर पान काढून देतात. पण पहिला प्रश्न तोच, मूळ गाव कुठलं, मूळ आडनाव कुठलं. तेच तर शोधतेय. एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये पण जाऊन आले, कुठली ते लिहीत नाही, तिथं सांगितलं की नुसत्या पाटील नावावर काही सापडणार नाही, सर्व्हे नंबर आणा. सोडून आलेल्या गावचा सर्व्हे नंबर कुठनं आणायचा?

जे माझ्यासारखेच शोधतायत त्यांच्यासाठी मला कळलेल्या काही गोष्टी सांगून ठेवते, कुणाचा वेळ वाचला तर बरंच आहे. सांगली जिल्हा 1949 ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, त्याच्या आधीचं वाळवा, तासगावचं काही शोधायचं तर सातारा जिल्हा म्हणून शोधा. जुन्या कागदात पाटलाला मोकदम पण लिहितात, तेव्हा मोकदम दिसला तर पान उलटू नका. 1874 चा वतन कायदा झाला त्यानंतर वतनदार आणि त्यांचे वारस रजिस्टरला लागले, ती रजिस्टरं फार कामाची. त्याहून जुनं हवं तर पुण्याचं पेशवे दफ्तर आहे आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वतनाच्या भांडणात घराण्यानं आपली सगळी हकीकत लिहून दिलेली असते तिला करीना म्हणतात, तो मिळाला तर नशीबच. आणि 2023 पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात गावोगावची कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं तपासली गेली, बऱ्याच जिल्ह्यांनी ती स्कॅन करून वेबसाईटवर टाकलीत. ते काम आरक्षणासाठी झालं, त्या वादात मला पडायचं नाही, पण त्याच पानांवर जन्म मृत्यूच्या नोंदीत बापाचं नाव, आडनाव, गाव आहे, तेव्हा आपापल्या गावची पानं बघून घ्या.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष मंडळी पाटील म्हणून मोकळी होतात पण लग्न जमवायच्या वेळी पहिला प्रश्न असतो, पाटील म्हणजे मूळचे कोण? कारण एकाच मूळ आडनावात सोयरीक चालत नाही. त्यामुळे कुणाचं मूळ काय हे आज्ज्यांना, आत्त्यांना, लग्न जमवणाऱ्या मावश्यांना पाठ असतं, स्वतःच्या माहेरचंच नाही तर आजूबाजूच्या दहा गावांतलं. वंशावळीत बायकांची नावं लिहीत नाहीत पण वंशावळ त्यांच्याच तोंडी टिकलीय. माझी आत्ती गेली तेव्हा तिच्याबरोबर किती घरांची माहिती गेली याचा मला आज विचार करवत नाही. तुमच्याकडं अशी कुणी असेल तर या आठवड्यातच वही घेऊन बसा, दिवाळीला बघू असं करू नका.

माझ्या घराशी संबंध नसला तरी प्रत्येक पाटील वाचकानं एवढं कळवावं, मूळ आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि कुठल्या आडनावाशी सोयरीक होत नाही. बास. जात लिहायची गरज नाही, आधार, सातबारा, फोटो काही पाठवू नका, मला नको आहे. पण अशी माहिती एकत्र झाली तर बऱ्याच घरांचे धागे एकमेकांना लागतील, एखाद्याला वाटत असेल आमची भावकी संपली आणि ती शेजारच्या तालुक्यात निघेल. मी ती तालुक्यावार लिहून काढून आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक प्रत ठेवायला तयार आहे, आणि ज्यांना हवी त्यांना झेरॉक्स देईन. देशमुख, कुलकर्णी, चौगुले यांची अडचण पण हीच आहे, त्यांनीही लिहायला हरकत नाही, त्यांची वेगळी वही करू.

संपादक साहेब, माझा पत्ता छापू नये, पण वाचकांची उत्तरं आपल्या कार्यालयात घेऊन माझ्याकडे पाठवाल तर उपकार होतील. पाकिटावर "पाटील मूळ आडनाव" असं लिहावं. म्हसवड भागातली उत्तरं आली तर ती कृपया आधी पाठवा.

कळावे,
आपली एक वाचक,
माहेरची पाटील, ता. वाळवा, जि. सांगली