‘पर्यंत’नं केला घात

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय वैशे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज बसलो लिहायला, त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, पुढं लई मोठं लिहिणाराय. (हो, ‘बसलो’च. नाशकात जाऊन तू ‘मी गेले, मी बसले’ करायला लागलीयस ते दिसलं पत्रात, सासरचं पाणी लागलं म्हणायचं. आम्ही इथं अजून आलो-गेलोच करतो. आणि गंमत बघ, इंग्लिश या बाबतीत आपल्या कोल्हापूरच्या बायकांसारखंच आहे, ‘आय वेन्ट’ म्हणलं की बाई गेली का बुवा गेला काय पत्ता लागत नाही.)

तू लिहिलंयस की पोराच्या शाळेत पालक मीटिंगला तू तोंड शिवल्यागत बसतीस, बाकीच्या बाया फाडफाड इंग्लिश बोलतात, घरी आल्यावर पोरगं पण हसतंय, आणि म्हणून आता कुठलातरी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा, तीन महिन्यांची फी आधी भरून. थांब जरा. भरू नकोस. आधी माझी फजिती ऐक.

मी शिरोली एमआयडीसीत डिस्पॅचला आहे ते तुला माहितीच आहे, फौंड्रीतनं कास्टिंग (ओतलेले लोखंडी भाग) येतात, आमच्याकडं मशिनिंग होतं, मग चलन, ई-वे बिल, गाडी लावणं आणि कस्टमरला मेल टाकणं एवढं माझ्या गळ्यात. तर गेल्या वर्षी एका बाहेरच्या कस्टमरला मी मेल टाकला, ‘वी विल डिस्पॅच द मटेरियल टिल फ्रायडे’. माझ्या मनात काय होतं, तर शुक्रवारपर्यंत माल पाठवतो. तासाभरात तिकडनं मेल, शुक्रवारनंतर का थांबवताय, पेमेंटचा काही प्रॉब्लेम आहे का? आणि मेल मालकांना पण. मालकांनी केबिनमधे बोलावलं, मला वाटलं आता ओरडतील, तर ते हसले गं. ओरडले असते तर परवडलं असतं.

आता तू सांग यात मी काय चुकलो? आपल्या मराठीत ‘पर्यंत’ एकच. ‘शुक्रवारपर्यंत पैसे देतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत गावाला आहे’, दोन्हीकडं तोच पर्यंत, पण अर्थ नीट बघ, पहिल्यात पैसे एकदाच द्यायचेत, शुक्रवारच्या आत कधीतरी, आणि दुसऱ्यात रोज गावालाच असायचंय शुक्रवार येऊस्तोवर. इंग्लिशनं या दोघांना दोन वेगळे शब्द दिलेत, पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. शाळेत पाचवीपासून इंग्लिश होतं आपल्याला (आपल्या वेळेला पाचवीपासूनच, पहिलीपासून 2000 साली आलं), गो-वेन्ट-गॉन म्हणून हातावर पट्ट्या खाल्ल्या, पण हे एवढं कुणी सांगितलं नाही. का सांगितलं आणि मी खिडकीतनं बाहेर बघत होतो, देव जाणे.

तर हे मला कुठं कळलं, तर जेवणाच्या सुट्टीत. आमच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर) एक अप्रेंटिस पोरगं आहे, इचलकरंजीचं, आयटीआय झालेलं, ते डबा खाता खाता फोनवर इंग्लिशच्या क्विझ सोडवायचं. माझी फजिती सगळ्या शॉपला कळलेली होतीच, तेच म्हणलं, ताई, हा प्रश्न बघा तुमचाच आहे. बाय का टिल. मी ठोकलं टिल, आलं लाल. तिथनं सुरू झालं. आता आम्ही चौघं आहोत, मी, ते पोरगं, क्यूसीतली, म्हणजे माल तपासणारी एक पोरगी आणि टेम्पोवाले मामा. रोज पाच प्रश्न, आणि आठवड्यात ज्याचे सगळ्यात कमी, त्यानं शनिवारी सगळ्यांना कटवडा द्यायचा. पहिले चार शनिवार मीच दिला. बी.कॉम. झालेली मीच एकटी त्यात, म्हणजे बघ.

आणि मामांचं काय सांगू तुला! सातवी शिकलेला माणूस. एकदा प्रश्न आला, ‘एमएलए’च्या आधी ‘अ’ लावायचं का ‘अॅन’? मी शहाण्यागत म्हणलं, एम हा व्यंजन, म्हणून ‘अ’. मामा भाकरी मोडत म्हणाले, ‘अॅन एमएलए. तोंडात बसतंय की तसं.’ आणि बरोबर त्यांचंच! कारण हा नियम स्पेलिंगचा नाहीच मुळी, कानाचा आहे, एमएलए म्हणताना तोंडातनं पहिला ‘ए’ निघतो. ‘अवर’मधला एच बोलत नाही म्हणून ‘अॅन अवर’, आणि ‘युनिव्हर्सिटी’ यू-नं सुरू होत असली तरी तोंडात ‘य’ येतो म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. आम्ही लिहून लिहून शिकलेले, आमच्या डोळ्यापुढं स्पेलिंग नाचतंय, मामांना स्पेलिंगच येत नाही त्यामुळं त्यांचा कान साफ. त्या आठवड्यात मामा पहिले आले आणि वर्कशॉपभर ‘अॅन एमएलए, अॅन एमएलए’ करत फिरत होते.

मग हळूहळू मला एक दिसायला लागलं. माझ्या चुका कुठनं पण येत नाहीत, त्या मराठीतनं येतात, आणि ठरलेल्याच येतात. आता ‘पासून’ बघ, ‘पर्यंत’चा सख्खा भाऊ. सोमवारपासून ताप आहे, चार दिवसांपासून ताप आहे, आपल्याला दोन्ही एकच, इंग्लिशमधे सोमवारला ‘सिन्स’ आणि चार दिवसांना ‘फॉर’. म्हणजे सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स, किती वेळ चाललंय ते मोजून सांगायचं तर फॉर. मी वीस वर्षं ‘सिन्स टू इयर्स’ म्हणत आलोय, इंटरव्ह्यूत पण म्हणलंय. वर ‘आय अॅम वर्किंग हिअर’ म्हणायचो, कारण मराठीत ‘मी इथं काम करतो’ असंच असतंय, पण तिकडं काम मागं सुरू होऊन आत्तापर्यंत आलंय म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’. तसंच ‘डिड यू वेन्ट’. आपण ‘तू गेलीस का’ म्हणतो, गेल्याचं गेलेपण क्रियापदातच, म्हणून आपण वेन्ट आणतो, पण त्यांनी ते आधीच ‘डिड’मधे टाकलेलं असतंय, दोनदा कशाला टाकायचं, भाजीत दोनदा मीठ घातल्यागत होतंय. ‘डिस्कस अबाउट’पण तसंच बघ, आपल्याला ‘विषयी’ लागतंय म्हणून अबाउट घुसतंय, इंग्लिशला लागत नाही.

हे कळल्यावर मला लई हलकं वाटलं बघ. इतकी वर्षं वाटायचं आपल्याला इंग्लिश येत नाही, म्हणजे सगळंच येत नाही, डोंगरच. आणि निघालं काय, तर पंधरा-वीस खड्डे, ते पण रोजच्या रस्त्यावरचे.

खरी मजा कॉमाची. एकदा प्रश्न आला यादीतल्या शेवटच्या ‘अँड’च्या आधी कॉमा द्यायचा का नाही. मी म्हणलं कशाला एवढी कटकट, तर क्यूसीवाल्या पोरीनं अमेरिकेतली एक केस सांगितली, आणि ती दुधाची निघाली, म्हणजे आपल्या जिल्ह्याचाच विषय की. तिकडं मेन नावाचं राज्य आहे, तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी केस टाकली. कायद्यात ओव्हरटाइम कुठल्या कुठल्या कामाला मिळणार नाही याची यादी होती, डबाबंद करणं, प्रोसेसिंग, साठवणं असलं बरंच, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘ऑर’च्या आधी कॉमा नाही. मग अर्थ काय घ्यायचा? पॅकिंग एक आणि वाटप वेगळं, का पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी केलेलं फक्त पॅकिंग? ड्रायव्हर म्हणाले आम्ही पॅकिंग करतच नाही, आम्ही दूध पोचवतो, यादीत आमचं कामच नाही. 2017 साली कोर्टानं म्हणलं अर्थ नक्की लागत नाही, आणि निकाल ड्रायव्हरांच्या बाजूनं दिला, पुढं 2018 मधे 50 लाख डॉलरवर मिटलं. 50 लाख डॉलर वैशे, एका शेपटीवाल्या टिंबापायी! मामा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘ताई, आमच्या मालकांचं अॅग्रीमेंट तुम्हीच टाइप करता न्हवं? एक कॉमा विसरा की.’

आता आपण मराठीवाले कॉमाला का घाबरतो त्याचं कारण मला वाटतं आपल्याकडं तो आलाच उशिरा. मोडीतले जुने कागद बघितलेस ना, शब्द सुद्धा सुटे नाहीत, ओळ सुरू झाली की पानाच्या टोकापर्यंत गाडी थांबत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम हे सगळं इंग्रजांच्या काळात मेजर कँडी नावाच्या साहेबानं मराठीत आणलं म्हणतात. माझं हे पत्र वाचून तुला वाटेल कँडी अजून शिरोलीला पोचला नाही, तर खरंच नाही पोचला.

अपॉस्ट्रॉफीचं मात्र मला आता वेडच लागलंय. केएमटीच्या बसमधनं येता-जाता दुकानांचे बोर्ड वाचत बसतो, एका रस्त्यावर ‘लेडीज’ तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडलं. आणि ‘इट्स’! अपॉस्ट्रॉफी असेल तर ‘इट इज’ नाहीतर ‘इट हॅज’, नसेल तर ‘त्याचं’. पोरगं म्हणलं, ताई, ‘हिज’ला लावता का अपॉस्ट्रॉफी? ‘हर्स’ला? मग या बिचाऱ्यालाच का. झालं, बसलं डोक्यात कायमचं.

आणि एक विचारतो, मुंगसाला इंग्लिशमधे काय म्हणतात? मंगूस. दोन मुंगसं असली तर? मी ‘मंगीज’ म्हणलं, गूसचं गीज होतंय तसं. लाल! ‘मंगूसेस’. कारण त्याचा बदकाच्या त्या खानदानाशी काही संबंधच नाही, तो शब्द आपल्या मराठी ‘मुंगूस’वरनंच गेलाय तिकडं. म्हणजे आपलाच शब्द, आपल्यालाच परीक्षेला आला, आणि मी नापास.

सगळं गोड गोड पण नाही हं. निम्म्या क्विझ भंगार असतात. नुसतं ‘राँग आन्सर’ म्हणतात आणि पुढं जातात, का चुकलं ते सांगतच नाहीत, असल्या क्विझ सरळ सोडून द्यायच्या. काही ब्रिटिश, काही अमेरिकन, एकीत ‘कलर’मधे यू नसला की चूक, दुसरीत असला की चूक. एकदा ‘द टीम आर’ला लाल आलं म्हणून मी अर्धा तास भांडलो, ब्रिटनमधे सर्रास चालतंय ते. वाक्याच्या शेवटी ‘विथ’ किंवा ‘फॉर’ आलं की मार्क कापणाऱ्या तर सगळ्यात आगाऊ, तसं कुणी बोलत नाही. शब्दांसाठी मात्र एक चांगली आहे, फ्रीराइस, 2007 पासून चालू आहे. बरोबर उत्तर दिलं की तांदळाचे दाणे जमा होतात, सुरुवातीला एका उत्तराला दहा होते, आणि तेवढ्या तांदळाचे पैसे जातात संयुक्त राष्ट्रांच्या भुकेल्यांसाठीच्या कार्यक्रमाला. मामांनी हिशोब घातला, त्यांच्या एका ताटाएवढा भात व्हायला आम्हाला किती दिवस लागतील, आणि नाद सोडला.

आणि क्विझनं बोलता येतं असं पण समजू नकोस. पाचात पाच आलेल्या दिवशीच मला चेन्नईहून फोन आला आणि माझ्या तोंडातनं ‘येस सर, येस सर’ सोडून काही निघालं नाही. चार पर्यायातनं ओळखणं वेगळं आणि रिकाम्या तोंडात शब्द येणं वेगळं. तेव्हापासून आम्ही पर्याय हातानं झाकायला लागलो, आधी उत्तर तोंडानं मोठ्यानं सांगायचं, मगच हात काढायचा. लई फरक पडला. अमेरिकेत 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी म्हणून दोघांनी प्रयोग केलेला, धडा परत परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढं होती, पण आठवड्यानं, स्वतःला आठवायला लावलेली पुढं गेली. आपल्या आजोबांच्या वेळचे मास्तर न बघता पाढे म्हणायला लावायचे, ते उगीच नव्हे.

तर क्लासचे पैसे ठेव तसेच. पोराला सांग, रोज रात्री जेवताना तू मला पाच विचार आणि मी तुला पाच विचारणार. हसू दे त्याला. त्याच्या पण सिन्स-फॉरच्या चुका निघतील बघ, सेमी इंग्लिशवाली माझी पोरगी एवढी टेचात असती, ‘वन ऑफ माय फ्रेंड’ म्हणली त्या दिवशी, मी ताटावरनं न उठता सांगितलं, ‘फ्रेंड्स’, अनेकांतली एक ना ती. दोन मिनिटं बोलली नाही माझ्याशी.

परवा तोच जुना कस्टमर फोनवर होता, माल शनिवारी मिळेल का विचारत होता. साच्यातले कोअर फुटलेत, फौंड्रीतनं माल यायचाय. मी म्हणलं, ‘सॉरी सर, नॉट टिल मंडे’, म्हणजे सोमवारच्या आधी नाही. पलीकडनं ‘ओके, मंडे’ आलं आणि फोन ठेवला त्यानं, काही विचारलं नाही. मामा दारात होते, चलन घ्यायला आलेले. काय झालं ताई म्हणाले, मी म्हणलं काही नाही, गाडी सोमवारी लावा.

दिवाळीला येणारच आहेस ना? किती दिवस राहणार ते इंग्लिशमधे लिहून कळव, ‘टिल’ का ‘फॉर’ ते मी बघतो, चुकलीस तर खासबागेजवळ भेळ तुझ्याकडनं.

तुझीच,
मंगल

ता.क. पोरगीनं पत्र वाचलं, म्हणली आई, एका वाक्यात अकरा कॉमा आहेत. मी म्हणलं, राहू दे, सुट्टीचा दिवस आहे.