माफी, तक्रार आणि तुझा पेशंट

बाळा,

फोनवर तू रडत होतीस आणि मागे वॉर्डातला आवाज, तेवढ्यात धड काही बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. रात्री घरी गेल्यावर शांतपणे वाच.

तू विचारलंस की आई, ईस्टर आला म्हणून मी त्या माणसाला, माझ्या पेशंटच्या मुलाला, माफ करायचं का, त्याने मला सगळ्यांसमोर ढकललं, घाण घाण बोलला आणि वर मॅनेजमेंटने मलाच सॉरी म्हणायला लावलं. तर पहिली गोष्ट ही की लेखी तक्रार करायची म्हणजे करायचीच. तू नोकरी करतेस त्या महाराष्ट्रात 2010 पासून दवाखान्यातल्या अशा मारहाणीसाठी कायदा आहे, डॉक्टरांसारख्या नर्सेसही त्यात येतात, 3 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माफ करायचं म्हणजे तोंड दाबून गप्प बसायचं असं तुला जो कोणी सांगेल, मग ते आपले पाळकसाहेब का असेनात, त्यांचं बिलकुल ऐकू नकोस. झालं ते झालंच नाही असं येशूने कधी म्हटलं नाही. कबरेतून उठल्यावरसुद्धा त्याच्या हातावर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि कुशीतली जखम होती, शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याने तीच दाखवली ना. जखम लपवून माफी देता येत नाही गं.

आपल्याला हे शिकायला लांब जायची गरज नाही. सिस्टर राणी मारिया, त्या कॅथलिक नन, तुला माहीत आहेत, पण पूर्ण गोष्ट तुला कोणी नीट सांगितली असेल असं वाटत नाही. (आपण कॅथलिक नाही, पण इंदूरच्या ख्रिस्ती माणसाने यात आपलं-त्यांचं करू नये असं मला मनापासून वाटतं.) बाई केरळच्या, 1992 मध्ये आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला आल्या आणि तिथल्या आदिवासींना बचतीची सवय लावली, सावकाराच्या व्याजातून बाहेर काढायला लागल्या, आता ज्यांचा धंदा त्या व्याजावरच चालायचा ते चिडणारच. 25 फेब्रुवारी 1995 ला त्या बसने इंदूरकडे निघाल्या होत्या आणि रस्त्यात नाचनबोर डोंगरापाशी समंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना चाकूने मारलं, अंगावर 54 जखमा होत्या, वय फक्त 41.

आता पुढचं नीट वाच. त्याला जन्मठेप झाली. खटला कोणी मागे घेतला नाही, कोणी म्हटलं नाही की आम्ही ख्रिस्ती आहोत, सोडून द्या. एक धर्मगुरू, स्वामी सदानंद म्हणून ओळखायचे त्यांना, ते जेलमध्ये त्याला भेटत राहिले, आणि मग 2002 च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी, त्यापण नन, जेलमध्ये गेल्या आणि बहिणीच्या खुन्याला राखी बांधली. त्यांच्या आईनेही त्याला माफ केलं. 2006 मध्ये तो सुटला. 2017 च्या नोव्हेंबरात इथे इंदूरलाच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तोपण हजर होता.

1995 ते 2002, सात वर्षं लागली बघ. आणि तू म्हणतेस आठवडा झाला तरी माझ्या मनातून जात नाही म्हणजे माझा विश्वासच कमी आहे. खामखा स्वतःला छळतेयस.

पण एका गोष्टीवर मला तुझ्याशी वाद घालायचाय. तू म्हणालीस की मी इन्चार्जला सांगून बेड बदलून घेणार, त्या माणसाच्या आईला मी हात लावणार नाही. त्या म्हातारीने काय केलंय गं? तिला तर मुलाने काय केलं हेही धड कळलं नसेल, अंथरुणाला खिळलेली बाई. येशूच्या शिष्याचं, पेत्राचं आठव. येशूला पकडून नेलं तेव्हा कोळशाच्या विस्तवाशी उभं राहून तीनदा म्हणाला मी या माणसाला ओळखत नाही. आणि पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशूने परत कोळशाचाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी भाजली आणि म्हणाला, या, न्याहारी करा. मी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय दरवर्षी ईस्टरनंतर वाचते आणि दरवर्षी इथेच थांबते, कारण तू असं का केलंस हे त्याने एकदाही विचारलं नाही. तीनदा विचारलं ते हेच की माझ्यावर प्रीती करतोस ना, आणि तिन्ही वेळा पुढे काम दिलं, माझी मेंढरं पाळ. पेत्राचं मन आधी साफ होऊ दे, मग काम देऊ, असं नव्हतं. मला वाटतं ते काम करता करताच त्याचं मन साफ झालं असेल.

म्हणून त्या मुलासाठी तुझ्या मनात आज काही चांगलं येत नसेल तर नको येऊ दे, जबरदस्ती नाही. त्याच्याशी बोलायची वेळ आली तर सोबत दुसरी नर्स ठेव, एकटीने जाऊ नकोस. पण म्हातारीची कूस बदल, तिचं औषध वेळेवर दे, पाणी पाज, जशी बाकीच्यांची करतेस तशीच. एवढंच मागतेय मी. बाकीचं राहू दे, ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, पूर्ण 50 दिवसांचा आहे आणि त्यातही नाही झालं तर पुढे बघू.

पप्पांना मी सगळं सांगितलंय, ते आधी खूप भडकले, आता तक्रारीचा ड्राफ्ट करून देतो म्हणतायत, त्यांना तारीख आणि वेळ व्हाट्सअप कर. येणाऱ्या कोणाबरोबर शेव आणि लसणाची चटणी पाठवते, रूममेटलापण दे.

आणि तुझ्या पेशंट आजींचं नुसतं पहिलं नाव कळव, बुधवारच्या प्रार्थनेत घ्यायचंय. मुलाचंपण घेईन मी, तुझ्या वाटचं सध्या मीच करते.

तुझी आई