मित्रास पत्र : कॅप्टन पाइकचा नकार

फोंडा, गोवा
नागपंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सहा पानी पत्र मिळून पंधरा दिवस झाले. तू त्यात जे आरोपपत्र मांडले आहेस त्याला उत्तर द्यायचे तर ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे ते दोन भाग पुन्हा पाहणे भाग होते, आणि इथे पाऊस लागल्यापासून वीज कधी जाईल याचा नेम नाही. पहिला भाग तीन बैठकांत पाहिला, दुसरा एका बैठकीत. तेव्हा उशिराचा दोष माझ्याकडे नको.

तुझे म्हणणे मी असे समजलो. ‘द मेनॅजरी’ या नोव्हेंबर १९६६ मधल्या दोन भागांच्या कथेत स्पॉक या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याने आपल्या जुन्या कॅप्टनला, अपघाताने वाचा जाऊन खुर्चीला खिळलेल्या पाइकला, सरळ सरळ टॅलॉस ग्रहावर पळवून नेले; तिथले रहिवासी हवे ते भास दाखवू शकतात, पण तिथे जायला बंदी आहे. पाइक खुर्चीवरच्या दिव्याने पुनःपुन्हा ‘नाही’ सांगत असताना नेले. त्यामुळे चाहते ज्याला इतकी वर्षे निष्ठा म्हणत आले आहेत, ती तुझ्या मते दंडेली आहे. शिवाय टॅलॉस ग्रहावर तरुण स्पॉक ज्या निळ्या, थरथरणाऱ्या पानांकडे पाहून तोंडभर हसतो, ते हसू त्याच्या पुढच्या सगळ्या स्वभावाशी विसंगत असल्यामुळे कथेतून बाद समजावे. आणि नव्या मालिकेने तर उरलेसुरले बिघडवले. तीन आरोप. तिसऱ्यात थोडे तथ्य आहे, दुसऱ्यात अजिबात नाही, आणि पहिल्याने माझी झोप घालवली.

हसण्याचे आधी उरकतो. तुला इतिहास ठाऊक आहे, तरीही तू तो वादात वापरत नाहीस. १९६४ च्या अखेरीस चित्रित झालेल्या पहिल्या पायलट (नमुना) भागात थंड, तर्कनिष्ठ, भावनाशून्य व्यक्ती स्पॉक नव्हतीच. ती होती मॅजेल बॅरेटने साकारलेली ‘नंबर वन’. वाहिनीने तो भाग नाकारला, दुसरा पायलट करायला सांगितले, नंबर वन हे पात्र गेले आणि तिचा थंडपणा स्पॉकच्या वाट्याला आला. म्हणजे त्या पानांपाशी हसणारा स्पॉक हा अजून घडायचा होता. पुढे पहिल्या वर्षीच वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे पडू लागले, तेव्हा पडून राहिलेला तो पायलट तेरा वर्षांपूर्वीची हकिकत म्हणून नव्या कथेच्या चौकटीत बसवला गेला, आणि हसू आपोआप स्पॉकच्या चरित्रात शिरले. विंगेतले कारण हे असे आहे. मंचावरचे कारण ज्याने त्याने शोधावे. मला एवढेच दिसते की स्पॉक पुढे चौकशीत आपण पाइकच्या हाताखाली ‘११ वर्षे, ४ महिने आणि ५ दिवस’ काम केले असे सांगतो. जो माणूस दिवसांपर्यंत हिशेब ठेवतो, त्याला त्या दिवसांत एकदा हसू आले असेल तर मला ते विसंगत वाटत नाही.

(सातत्यातल्या भोकांना ठिगळ लावण्याबद्दल माझे मत तुला माहीतच आहे. मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांची कपाळे १९६० च्या दशकात सपाट होती आणि १९७९ च्या चित्रपटापासून त्यांना उंचवटे आले. १९९६ मध्ये वॉर्फ या क्लिंगॉन पात्राला त्याचे कारण विचारले, तेव्हा तो उत्तरतो की आम्ही परक्यांशी या विषयावर बोलत नाही. पुढे २००५ मध्ये विषाणूची सविस्तर कथा रचून त्याचा खुलासा केला गेला. मला अजूनही वॉर्फचेच उत्तर अधिक आवडते.)

आता दिव्याकडे येतो. गेल्या रविवारी आपले नेहमीचे दोघे, मी आणि माझी भाची असे चौघे बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलो होतो. भाजीपाव संपला होता, वीज गेलेली होती, आणि बाहेर पन्हळीचे पाणी इतक्या जोराने कोसळत होते की एकमेकांचे बोलणे ऐकायला पुढे वाकावे लागे. मी तुझे पत्र मेणबत्तीच्या उजेडात वाचून दाखवले. दोघे लगेच दोन पक्षांत विभागले गेले. भाचीने मात्र तिसरेच विचारले. “मामा, ज्या लोकांजवळ प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी जहाजे आहेत, त्यांना त्या माणसाच्या खुर्चीवर फक्त एक दिवा बसवता आला? एकदा लागला की हो आणि दोनदा लागला की नाही? हो आणि नाही एवढ्यावर तर सबंध मुळाक्षरे सांगता येतात.”

तिचे खरे आहे. १९८५ मध्ये स्टीफन हॉकिंग यांची वाचा गेली आणि त्यानंतर लवकरच ते संगणकाच्या आधाराने शब्द जुळवून बोलू लागले; तेविसाव्या शतकातल्या पाइकला ते का साधू नये? विंगेतले कारण असे की जेफ्री हंटर, ज्याने पायलटमध्ये पाइक केला होता, तो या चौकटीसाठी उपलब्ध नव्हता, म्हणून शॉन केनी या दुसऱ्या नटाला चेहऱ्यावर जखमांची रंगभूषा करून खुर्चीत बसवले, आणि न बोलणारा पाइक सोयीचा ठरला. आपल्या देवळातल्या उत्सवी नाटकात महाराजांचे काम करणाऱ्याचा दुसऱ्या अंकात आवाज बसला होता आणि पुढची सगळी भाषणे पडद्यामागून प्रॉम्प्टरने म्हटली होती, ते तुला आठवत असेल; एकही प्रेक्षक उठला नव्हता. अडचणीतून निघालेली वाट कधीकधी नाटककाराला सुचली नसती अशी असते. बोलणारा पाइक असता तर त्याने दोन वाक्यांत आपली बाजू सांगितली असती आणि तुझे सहा पानी पत्र कधी लिहिलेच गेले नसते.

मी तो प्रसंग चार वेळा मागे नेऊन पाहिला. ताफ्याच्या अंतराळ-तळावर स्पॉक पाइकबरोबर एकटा उरतो. तो म्हणतो की मी का आलो ते तुम्हाला माहीत आहे. पूर्ण वेगाने गेले तर सहा दिवसांचा रस्ता आहे, आणि मी सगळे नीट योजले आहे. दिवा दोनदा लागतो. आता स्पॉक काय उत्तर देतो ते पाहा. ‘तुम्हाला तिथे आवडेल’ असे तो म्हणत नाही, ‘तुमच्या भल्यासाठी’ असेही म्हणत नाही. तो म्हणतो की हे विश्वासघाताचे आणि बंडाचे कृत्य आहे हे मला ठाऊक आहे, तरी मला ते करणे भाग आहे. म्हणजे त्या ‘नाही’चा अर्थ त्याने ‘मला यायचे नाही’ असा घेतलेला नाही. ‘तू हे करू नकोस’ असा घेतला आहे. टॅलॉसला जाणाऱ्याला देहान्त शासन होते, आणि ताफ्याच्या कायद्यात उरलेली ती एकमेव देहान्ताची शिक्षा होती. पाइकचा नकार स्पॉकच्या मानेसाठी होता.

तू म्हणशील की हा अर्थ स्पॉकने आपल्या सोयीने लावला. मान्य. दिवा कारण सांगत नाही. तुला आजोबा-आजींची गोष्ट आठवते का? हे भाग दाखवले गेले त्याला दोन महिनेही उलटले नव्हते, तेव्हा १६ जानेवारी १९६७ रोजी इथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, नको असेल तर दोन पाने. आमच्या घरात आजोबांनी फुलावर शिक्का मारला आणि आजीने दोन पानांवर, आणि आजोबा वर्षभर तिच्याशी त्यावरून वाद घालत राहिले, कारण तिने मराठी नाकारली असे त्यांनी गृहीत धरले होते. आजी आयुष्यभर मराठी पोथ्याच वाचत आली. तिला फक्त कचेरीच्या कामासाठी मुंबईपर्यंत जावे लागेल याची धास्ती होती. मतपेटीतून १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा आकडा निघाला. त्यांतल्या कोणत्या ‘नको’मागे कोणती धास्ती होती हे आकड्यात कुठे दिसणार?

आणि आता जे मी तुला सांगितलेले नाही ते सांगतो. बाबांच्या आजारपणात तू दोनदा येऊन गेलास, पण तेव्हा ते आधीच थकलेले होते. पक्षाघातानंतर त्यांची वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हा आम्ही डाव्या हाताची खूण ठरवली होती. माझा हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. पाइकच्या दिव्यावरूनच मला ती सुचली, आणि त्याचा मला त्या दिवसांत थोडा अभिमानही वाटला होता, हे लिहिताना आता बरे वाटत नाही. सोमवारी मंगेशीच्या पालखीला जायचा त्यांचा जुना नेम होता. मी विचारले, “बाबा, पालखीला नेऊ का?” त्यांनी दोनदा दाबले. पुढच्या सोमवारी विचारले, पुन्हा दोनदा. मी समजलो की त्यांचे मन उडाले, आणि विचारणे सोडून दिले. महिन्याभराने ताई आली. तिने एका प्रश्नाचे दोन केले. “पालखी पाहायची आहे?” एकदा. “आम्हाला ओढाताण होईल म्हणून नको म्हणता?” पुन्हा एकदा, आणि या वेळी हात सोडलाच नाही. मग आम्ही त्यांना गाडीने नेले, चाकांची खुर्ची दीपस्तंभाजवळ लावली, आणि त्यांनी पालखी पाहिली.

बाराखडीचा तक्ता आम्ही त्यानंतर केला, म्हणून भाचीच्या प्रश्नावर मला हसता आले नाही. आधी वर्ग विचारायचा, मग त्यातले अक्षर, मग मात्रा. इंग्रजीला सव्वीस अक्षरांत भागते. इथे काना, मात्रा, अनुस्वार यांतच माणूस दमतो. त्यांनी जुळवलेला पहिला शब्द ‘पंखा’ होता. बंद कर, असे म्हणायचे होते त्यांना. प-वर्ग, प, अनुस्वार, क-वर्ग, ख, काना. सात-आठ मिनिटे लागली. तोवर तीन आठवडे तो पंखा त्यांच्या अंगावर फिरत होता आणि आम्ही रोज विचारत होतो की दुखते का, पाणी हवे का, कुशीवर वळवू का.

म्हणून माझे म्हणणे तुझ्या आणि त्या दोघांच्याही म्हणण्याहून थोडे वेगळे आहे. स्पॉकने नकाराचा अर्थ बरोबर ओळखला, हे मी मानतो. पण त्याने पाइकला दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि तो विचारायला त्याच्याजवळ वेळ होता. जो खोटे संदेश तयार करतो, जहाजाचा नवा कॅप्टन कर्क याचा आवाज हुबेहूब वापरून जहाजाला फसवतो, मार्ग संगणकात असा बांधून टाकतो की तो कोणाला सोडवता येऊ नये, त्याला ‘कॅप्टन, माझा विचार बाजूला ठेवा, तुम्हाला जायचे आहे का?’ एवढे विचारणे जड नव्हते. तो प्रश्न शेवटी कर्क विचारतो. शिक्षा रद्द झाल्याचा संदेश आल्यावर, म्हणजे स्पॉकच्या मानेवरचे ओझे उतरल्यावर, तो पाइककडे वळून विचारतो की तुला तिथे जायचे आहे का. आणि दिवा एकदाच लागतो. पाइकचे मन बदललेले नाही, प्रश्न बदलला आहे. तू तुझ्या पत्रात या दृश्याला ‘लेखकाने केलेली सारवासारव’ म्हटले आहेस. मला तर सबंध कथेत प्रामाणिक वाटलेली जागा तीच आहे.

मग स्पॉकने का विचारले नाही? जहाजाचा डॉक्टर मॅककॉय म्हणतो की तो व्हल्कन (तर्कनिष्ठ परग्रहवासी) आहे, त्याला खोटे बोलताच येत नाही. आणि कर्क आठवण करून देतो की तो अर्धा माणूसही आहे. माझा तर्क असा की तो उत्तराला भीत होता. पाइकने ‘हो, मला जायचे आहे, पण तू नेऊ नकोस’ असे सांगितले असते तर त्याच्याजवळ आज्ञाभंगाशिवाय काही उरले नसते. न विचारल्यामुळे निदान आपण कॅप्टनची इच्छा ओळखली आहे, असे तो मानू शकला. शेवटी कर्क त्याला भावनेच्या आहारी गेल्याबद्दल चिडवतो, तेव्हा तो म्हणतो की मी सगळे प्रकरण तर्कानेच हाताळले. हे ऐकून आपण शाळकरी वयात दूरदर्शनसमोर खदखदून हसलो होतो. या वेळी मला ते वाक्य तितके विनोदी वाटले नाही.

नव्या मालिकेबद्दल अर्धे तुझे मान्य. २०१९ च्या भागांत पाइक आपले भविष्य आधीच पाहतो आणि ते पत्करतो, आणि २०२२ पासूनच्या मालिकेत ते ओझे घेऊनच वावरतो. जुन्या कथेत किरणोत्सर्ग पसरलेल्या प्रशिक्षण-जहाजातून त्याने मुलांना बाहेर काढले ते क्षणात, हिशेब न करता. आता त्या धावण्यामागे अनेक वर्षांची तयारी येऊन बसली, आणि मला ती धाव थोडी उणावल्यासारखी वाटते. पण दुसऱ्या बाजूने पाहा. जो इतरांसाठी ती खुर्ची जाणूनबुजून पत्करतो, तो स्पॉकला आपल्यासाठी मरू देईल का? त्याच्या दोन वेळा लागणाऱ्या दिव्याला यामुळे आधार मिळतो, तुझ्या आरोपाला नव्हे.

एक गाठ मात्र माझ्याने सुटत नाही, आणि ती तुझ्या गळ्यात घालतो. चौकशी-मंडळावर बसलेला कमोडोर मेंडेझ हा टॅलॉसवासीयांनी निर्माण केलेला भास होता, हे शेवटी कळते. पायलटमध्ये त्यांची शक्ती ग्रहाच्या आसपासच चालताना दिसते. इथे तळापासून निघालेल्या छोट्या यानात कर्कच्या शेजारी तो भास बसलेला आहे. सहा दिवसांच्या अंतरावरून! आणि ते इतक्या दूरवर पोहोचू शकत असतील, तर त्यांनी पाइकला तो तळावर असतानाच हवे ते भास का दाखवले नाहीत? मग बंडाची, चोरीची, देहान्त शिक्षेची गरजच काय होती? भाचीने यावर एक उपपत्ती मांडली आहे, पण ती तुला मी सांगणार नाही.

चवथीला येणार आहेस असे वहिनींनी फोनवर सांगितले. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला तुझा हात लागेलच, दुपारची जेवणे उरकली की बसू. तुझ्याकडची १९८६ ची ती व्हिडिओ कॅसेट, ज्यात पायलटचे काही तुकडे रंगीत आणि काही कृष्णधवल आहेत, ती चालत नसली तरी घेऊन ये. भाचीला ती फक्त हातात धरून पाहायची आहे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि मेंडेझचे उत्तर लेखी आण, तोंडी चालणार नाही.

तुझा,
फोंड्याचा मित्र