ताई, यंदाच्या चवथीला सगळे डोळे मीच आखले

ताई, नमस्कार.

हे पत्र चवथ झाल्या झाल्या लिहायचं ठरवलं होतं, पण गणपती घरोघरी पोचले की आमची गोव्यातली चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा, आवरायलाच आठ-दहा दिवस जातात, उरलेली माती भिजत घालायची, रंगाच्या वाट्या खरवडायच्या, उधारीच्या वह्या बघायच्या, आणि मग अंगातलं सगळं बळच जातं. आज जरा निवांत बसलोय. तुमच्या ध्यानकेंद्रात तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल तुम्हाला फोनवर "थँक्यू" म्हटलं होतं मी, पण तेवढ्याने होत नाही. आणि सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय कारण आमच्या धंद्यात हात थरथरतो हे कोणी तोंडातून काढत नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मला माहीत असलेले दोघेजण आहेत, तेही गप्पच आहेत. त्यांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

दोन वर्षांपूर्वीची ती रात्र तुम्हाला मी तुकड्या-तुकड्यात सांगितली होती, आज सरळ सांगतो. चवथीला दोन दिवस होते, चौसष्ट मूर्तींपैकी नऊंचे डोळे राहिले होते. बाबांच्या मोतीबिंदूनंतर आखणी माझ्याकडे आली, बाकी माती मळणं, अंग घडवणं, रंग, सोनेरी काम सगळं घरातले कोणी ना कोणी करतात पण डोळे एकाच हाताचे लागतात. वरच्या पापणीची रेघ एका दमात गेली पाहिजे, मध्ये थांबलात की तिथे गाठ येते आणि देव झोपाळू दिसायला लागतो. बाबांनी शिकवलेलं की ब्रश टेकवायच्या आधी श्वास भरून घ्यायचा, धरायचा, रेघ संपली की सोडायचा. मी धरला, आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की शून्य नंबरचा ब्रश भुवईत घुसला. पुसून परत केलं, परत तेच. तीन मूर्ती अशा गेल्या. मला वाटलं आता मी मरतोय. पहाटे एका हॉस्पिटलात ईसीजी काढला, नॉर्मल आला, टेन्शन घेऊ नका म्हणून तीन मिनिटांत बाहेर. राहिलेले डोळे बाबांनी तशाच अंधुक नजरेने आखले, आणि पुढच्या वर्षी सगळेच आतेभावाने येऊन आखले. मी बाजूला बसून त्याला रंग कालवून देत होतो. ते वर्ष कसं गेलं ते मलाच माहीत.

बायकोच्या शाळेतल्या एका बाईंनी तुमच्या केंद्राचं नाव सांगितलं. त्याआधी किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी रिट्रीटची, म्हणजे ध्यानाच्या शिबिराची, चौकशी केली होती, तीन दिवसांचे पैसे ऐकले आणि फोन ठेवला, तेवढ्यात आमची वर्षभराची माती येते. तुम्ही फोनवर पैशांचं बोललाच नाहीत. झोप कशी आहे विचारलंत, जमिनीवर बसता येतं का विचारलंत, आणि औषध चालू असेल तर बंद करून येऊ नका, डॉक्टरला सांगून या म्हणालात. पैशांचं मीच विचारलं तेव्हा म्हणालात की जाताना जमेल ते डब्यात टाका. डिचोलीहून फोंडा, मग कुडचडें, मग रिवणच्या बाजूची बस, असे तीन बसा बदलून मी डिसेंबरात आलो. किनाऱ्यावर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि तुमच्याकडे कुळागरात, त्या माड-पोफळीच्या बागेत, संध्याकाळी सहाला काळोख आणि माडांवरून पडणाऱ्या दवाचा आवाज.

दुसऱ्या रात्रीचं मी कधीच विसरणार नाही. मौन होतं, हॉलमध्ये बावीस माणसं झोपलेली, आणि मला परत तेच धडधडणं सुरू झालं. पिशवी भरून व्हरांड्यात आलो, पळूनच जायचं होतं. तुम्ही जाग्याच होतात, तिथे खांबाला टेकून बसला होतात. मला वाटलं आता समजावणार, थांबा वगैरे म्हणणार. तुम्ही हळू आवाजात एवढंच म्हणालात, "पहिली बस पावणेसातला आहे, मी स्कूटरवरून स्टॉपवर सोडते, तोवर इथेच आडवे व्हा," आणि आतून घोंगडी आणून दिलीत. मी आडवा झालो. जाग आली तेव्हा पेजेचा वास येत होता, ऊन अंगणात आलं होतं, बस कधीच गेलेली. कितीतरी महिन्यांनी मी सलग पाच तास झोपलो होतो ताई. तुम्ही ना बसचं बोललात ना रात्रीचं, वाडग्यात पेज घातलीत आणि आंब्याच्या लोणच्याची फोड दिलीत.

मग आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान. नाव ऐकून मला वाटलेलं काहीतरी मोठं असेल, तर आधी फक्त मोजणं, श्वास सोडून झाला की एक, परत सोडून झाला की दोन, असं दहापर्यंत, चुकलं की परत एकपासून. पुढच्या टप्प्यात श्वास घ्यायच्या आधी मोजायचं, मग मोजणं सोडून नुसता श्वास, आणि शेवटी नाकपुडीच्या टोकाशी जिथे हवा लागते तिथेच राहायचं. पहिले दोन दिवस मी चारच्या पुढे गेलोच नाही. मैत्री भावनेत, म्हणजे एकेकाचं भलं चिंतायच्या ध्यानात, तर त्याहून अवघड झालं, आधी स्वतः, मग जवळचा मित्र, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा माणूस (मी आमच्या बसचा कंडक्टर घेतला), मग ज्याच्याशी पटत नाही तो, मग सगळे. चौथ्या जागी मला आतेभाव आठवायचा. बिचाऱ्याने माझी मदतच केली होती आणि मी तेव्हापासून त्याचा राग करत होतो. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आज सांगतोय.

पण खरं काम झालं ते वैशाखातल्या शिबिरात, बुद्ध पौर्णिमेच्या आठवड्यात, जेव्हा सकाळी ध्यान आणि दुपारी माती-रंग असं होतं. काहीजण मागच्या भिंतीवर कावी करत होते, चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो खरवडून आतलं पांढरं बाहेर काढायचं, आपल्याकडच्या जुन्या देवळांत असतं तसं. मी माती घेतली. माझ्या हाताला दुसरं काय येतं. एक साधा मुखवटा केला आणि वाळल्यावर डोळा आखायला बसलो, तुम्ही शेजारी होतात. पहिली रेघ थरथरली. तुम्ही हाताकडे बघतच नव्हता, तुम्ही माझ्या छातीकडे बघत होता. म्हणालात, "तुम्ही श्वास कोंडून धरताय, आणि कोंडला की घाबरताय. सोडता सोडता काढून बघा." मी म्हटलं बाबा असं नाही करत. तर म्हणालात बाबांना धरून जमतं, तुम्हाला सध्या जमत नाहीये, श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, सगळ्यांचेच, त्या मंद वेळेत रेघ घालून बघा.

त्याच संध्याकाळी तुम्ही सतिपट्ठान सुत्तातला, बुद्धाच्या ध्यानावरच्या उपदेशातला, तो भाग वाचलात, कातारी (लाकूड कातणारा कारागीर) कसा लांब फिरवताना मी लांब फिरवतोय हे जाणतो आणि आखूड फिरवताना मी आखूड फिरवतोय हे जाणतो, तसं लांब श्वास घेताना तो लांब आहे हे जाणायचं. अडीच हजार वर्षांपूर्वी श्वासाचं सांगायला बुद्धाला कारागीरच आठवला, राजा नाही, पंडित नाही. मला तेव्हा रडू आलं होतं, तुम्ही बघितलंत की नाही माहीत नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही आम्हाला रिवणच्या गुंफा दाखवल्यात आणि तिथून कुशावती नदीकाठी उसगाळीमळला नेलंत. जांभ्या दगडावर बैल, हरणं, मोर, आणि तो गोल गोल रेघांचा चक्रव्यूह. १९९३ पर्यंत ही चित्रं फक्त गावच्या माणसांना माहीत होती. गोव्यात बुद्ध कुठला असं मी जाताना बोललो होतो, तेव्हा तुम्ही कोलवाळच्या मुशीर वाड्याचं सांगितलंत, १९३० साली इतिहास-संशोधक फादर हेरास यांना तिथे बुद्धाची मूर्ती मिळाली आणि ती आज मुंबईत सेंट झेवियर्समधल्या हेरास इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आणि माझ्याच डिचोलीत लामगावला गुंफा आहेत, मी लहानपणी तिथे लपाछपी खेळलोय, कधी विचारसुद्धा केला नव्हता की तिथे कोण बसत असेल. त्या चक्रव्यूहाच्या रेघेवरून मी बोट फिरवलं नाही, तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात, पण नजर फिरवली, श्वास सोडत सोडत, बाहेरून आतपर्यंत. एकदाही धडधडलं नाही.

आता जे लिहायचं ते अवघड आहे, पण ते नाही लिहिलं तर हे पत्र खोटं होईल. शेवटच्या दिवशी भांडी घासताना मी तुम्हाला विचारलं की ताई मी गणपती करणारा माणूस, तुमच्या इथे चालतं का. माझ्या मनात ते पहिल्या दिवसापासून होतं. तुम्ही हात पुसलेत आणि सरळ सांगितलंत, "मी नागपूरची. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही हे आहे, आणि मी ते पाळते, आमच्या घरात गणपती येत नाही. पण तुमचा हात कापतोय आणि तुमचं पोट त्या हातावर आहे, हे मला दिसतंय ना." मग एक पातेलं माझ्या हातात दिलंत पुसायला. मला वाटलं होतं एक तर तुम्ही गोड बोलून विषय टाळाल किंवा मला काही सोडायला सांगाल. तुम्ही तुमचं काही लपवलं नाहीत आणि माझं काही मागितलं नाहीत. असं माणूस मला तरी आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं.

पावसातल्या शिबिराला मला येता आलं नाही, तो आमचा सीझन. वर्षावासाचं तुम्ही सांगितलेलं आठवत होतं, पावसात भिक्षू फिरले की शेतातली कोवळी रोपं आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली म्हणून तीन महिने एका जागी राहायचा नियम आला. आम्हीही आषाढ ते भाद्रपद एका छपराखालीच असतो, म्हणून यंदा मी पहाटे पाचला माती भिजवायच्या आधी वीस मिनिटं बसायला लागलो. बाबा पण एकदोनदा बसले, काही बोलले नाहीत.

आणि मग तुम्ही आलात, कोणाला न सांगता, नागपंचमीच्या दिवशी, भर पावसात. चित्रशाळेत पांढऱ्या मूर्ती ओळीने, पाटांवर गिऱ्हाइकांची नावं, सगळीकडे ओली माती. तुम्ही स्टुलावर बसलात, मूर्तींना हात जोडले नाहीत, आईने ते बघितलं, मीही बघितलं की आईने बघितलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. आई आत गेली आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या घेऊन आली, "खा गो बाय, हुनहुनीत आसात" (गरमागरम आहेत). तुम्ही तीन खाल्ल्यात. मग तासभर तुम्ही आईकडून मळलेल्या मातीतला खडा अंगठ्याने कसा ओळखायचा ते शिकत होतात. आई अजून विचारते ती बाय परत कधी येणार.

यंदा सत्तावन्न मूर्ती होत्या. पहिला डोळा आखताना कपाळावर घाम होता, नाही म्हणत नाही. श्वास घेतला, धरला नाही, सोडायला लागलो आणि ब्रश टेकवला. रेघ नाकाकडच्या कोपऱ्यातून निघाली ती कानाकडच्या टोकापर्यंत गेली आणि श्वास अजून थोडा शिल्लक होता. मग बुबुळ, मग काळा ठिपका, मग त्यात पांढऱ्याचा बारीक टिंब, आणि देवाने बघितलं. चौतीसाव्या का पस्तीसाव्या मूर्तीला मध्यरात्री परत धडधडलं, खोटं कशाला सांगू. ब्रश ठेवला, दारात जाऊन बसलो, एक ते दहा तीनदा मोजले, पाऊस पडत होता. अर्ध्या तासाने परत येऊन बसलो. शेवटची मूर्ती पहाटे चारला झाली. बाबांनी भिंग घेऊन एकेक डोळा बघितला आणि म्हणाले, तुझी रेघ माझ्यापेक्षा लांब जाते रे. आतेभावाला मी फोन केला आणि मागच्या वर्षीबद्दल आभार मानले, ते वर्षभर राहिलं होतं.

तुम्ही वैशाखात म्हणाला होतात की केंद्रातली माती फुटते, भांड्यांना चिरा जातात. ती माती मी बघितलीय, तिच्यात वाळू जास्त आहे. डिसेंबरच्या शिबिराला आमच्या शेतातल्या मातीच्या चार गोणी घेऊन येतोय, चाळून, खडे काढून, आईने स्वतः बघितलेली. फोंड्यापर्यंत भावाचा टेम्पो आहे, पुढचं मी बघतो. फक्त ठेवायला सावलीतली जागा आणि झाकायला ओलं गोणपाट लागेल, तेवढं काढून ठेवा.

तुमचा,
डिचोलीचा चित्रशाळेवाला भाऊ